पट्टीची मुदत: वाढलेल्या बीपीच्या एका गरोदरपणाचं प्रकरण

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून येणाऱ्या बायका फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणतात, पावसाने भिजू नये म्हणून. हिच्या पिशवीत सगळ्यात वर एनएसटीची, म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके काही वेळ कागदावर उतरवणाऱ्या तपासणीची, एक पट्टी घडी करून ठेवलेली होती. थर्मल कागदाची. तीन वर्षांत शाई इतकी उडाली होती की बाळाच्या ठोक्यांची रेघ खिडकीपाशी तिरकी धरल्यावरच दिसली. खाली पेनाने लिहिलेला शब्द मात्र ठळक होता: ‘रिअ‍ॅक्टिव्ह’. म्हणजे बाळ ठीक.

त्या पट्टीनंतर आठव्या दिवशी, ३४व्या आठवड्यात, ते बाळ पोटातच गेलं. पहिली खेप, वाढलेलं बीपी, दुसऱ्या एका रुग्णालयातली नोंद. आता ती पुन्हा दिवस राहून माझ्यासमोर बसली होती आणि बोलत होता तो नवराच. “डॉक्टर, पट्टी चांगली होती ना? मग आठ दिवसांत असं काय झालं?”

मी फाईल उलटसुलट पाहिली. बीपी दोनदा १५०/१०० नोंदलेलं. लघवीत प्रथिनं. एनएसटी एकदा. सोनोग्राफी पाचव्या महिन्यातली, त्यानंतरची एकही नाही. आणि अगदी शेवटच्या कागदावर, गेलेल्या बाळाचं वजन: १४०० ग्रॅम. ३४ आठवड्यांचं बाळ साधारण सव्वादोन किलोच्या आसपास असायला हवं. इतकी तूट आठ दिवसांत पडत नाही. ते बाळ कित्येक आठवडे उपाशी होतं आणि ते कुणी मोजलं नव्हतं.

त्याला मी एवढंच सांगितलं, की पट्टी खोटी नव्हती, तिची मुदत संपली होती. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे ते या एका गोष्टीसाठी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुरुवातीचे आठवडे

वय ३१, दुसरी खेप, आली तेव्हा ११वा आठवडा. बीपी ११६/७४, लघवी स्वच्छ. कागदावर पाहिलं तर काळजीचं काहीच नाही, पण मागचा इतिहासच सगळ्यात मोठी जोखीम होता. १२व्या आठवड्यापासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू केलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीत जोखमीच्या बायकांना हीच मात्रा याच सुमाराला दिली होती, आणि मुदतीआधी होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचं (गरोदरपणात बीपी चढून लघवीत प्रथिनं जाण्याच्या आजाराचं) प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं होतं. ही गोळी १६व्या आठवड्याच्या आत सुरू व्हावी लागते, कारण बाळाला पोसणारी वार रुजते ती त्याच काळात. गर्भाशयाच्या बारीक वेटोळ्या रक्तवाहिन्या तेव्हा सैल, रुंद व्हायच्या असतात. त्या तशा झाल्या नाहीत तर पुढे आईचं बीपी चढतं आणि बाळाची रसद तुटते. दोन्हींचं मूळ एकच. बीपी ‘आईचा आजार’ आणि वाढ खुंटणं ‘बाळाचा आजार’ अशी वाटणी करण्यात अर्थ नाही तो म्हणूनच.

सासूने तिचं मीठ बंद केलं होतं. आळणी पेज, खारं बंद, लोणचं बंद. माया खरी होती, पण गरोदरपणातल्या या बीपीला मीठ तोडून आळा बसत नाही, आणि अन्नाची चव गेली की बाई जेवत नाही. मी म्हटलं, “मांय, नेहमीचं घरचं जेवण वाढा. मीठ वरून घेऊ नये, एवढंच.” त्यांना ते पटायला दोन भेटी लागल्या.

२४व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांत अडथळा दिसला, लाटेच्या उतारावर खाच. बाळाचं वजन तेव्हा बरोबर होतं. त्याच दिवशी त्यांना दंडावर बांधायचं बीपीचं यंत्र घ्यायला सांगितलं. मनगटावरचं नको, पाच मिनिटं बसून, पाठ टेकवून, दिवसातून दोनदा, वहीत लिहायचं.

सातव्या महिन्यात ओटी भरली की ती दोडामार्गला माहेरी जायची होती. इथे मी अडून बसले. आमच्या भागात बीपीच्या बायका हातून निसटतात त्या याच वेळी. फाईल सासरी, बाई माहेरी, नव्या डॉक्टरांकडे मागचा एकही आकडा नाही, आणि बीपी चढायचा काळ नेमका तोच. शेवटी ओटी सासरीच भरली आणि तिची आईच इकडे राहायला आली.

कुळागराचा पाट

२७ आठवडे ५ दिवस. वहीत सलग दोन दिवस १४२/९२ आणि १४६/९४. लघवीत प्रथिनं. बाळाचं अंदाजे वजन ८९० ग्रॅम, म्हणजे त्या आठवड्याच्या दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली, शंभर बाळांतल्या सगळ्यात लहान दहांत. बीपीसाठी लॅबेटेलॉल सुरू केलं. (बीपी खाली आणलं तर बाळाला रक्त कमी पडेल ही भीती अजून ऐकू येते. २०१५च्या ‘चिप्स’ चाचणीत खालचा आकडा ८५च्या आसपास ठेवलेल्या आयांची बाळं काही अधिक अडचणीत आली नाहीत, आणि आयांचं बीपी धोक्याच्या पातळीला जाणं कमी झालं.)

दोन आठवड्यांनी वजन १०५० ग्रॅम. या वयात दोन आठवड्यांत साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भर पडायला हवी. पडली १६०. नाळेच्या धमनीच्या डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, दोन ठोक्यांमधला प्रवाह क्षीण झालेला, आणि बाळाच्या मेंदूच्या धमनीत उलट मोकळा झालेला.

हे घरच्यांना समजावणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पुढचे निर्णय त्यांना आमच्यासोबत घ्यायचे असतात. पडद्यावर नाळेच्या धमनीतल्या लाटा डोंगररांगेसारख्या दिसतात. बाळाच्या हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे एक शिखर. दोन शिखरांमध्येही रक्त वारेकडे वाहत राहायला हवं, म्हणजे दरी कधी तळरेषेला टेकता कामा नये. वारेतल्या वाहिन्या बुजत गेल्या की विरोध वाढतो, दरी खोल होते. मग तळाला टेकते. ठोका नसतो तेव्हा प्रवाह थांबतो. त्याहून बिघडलं तर रक्त उलट मागे येतं.

नवरा कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची पोफळीची बाग, करतो. पडद्याकडे पाहत म्हणाला, “म्हणजे पाटाचं पाणी आटलं की आम्ही भाजीला बंद करतो आणि पोफळी जगवतो, तसं.” मेंदूकडचा प्रवाह का वाढला ते मी याहून नेमकं सांगू शकले नसते. बाळ हातपाय, पोट, मूत्रपिंडं यांचं रक्त तोडून मेंदू आणि हृदय जगवत होतं. मूत्रपिंडांना रक्त कमी म्हणून लघवी कमी, म्हणून गर्भजल घटतं. वाढ खुंटते तीही त्याच काटकसरीत.

जाता जाता एक नोंद, मला ती फार जवळची वाटते. ख्रिश्चन डॉप्लरने ताऱ्यांच्या रंगाविषयीचा आपला निबंध प्रागमध्ये वाचला तो १८४२ साली. पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली तीही १८४२ सालीच. आज बांबोळीला असलेल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं ते मूळ. ताऱ्यांसाठी मांडलेलं तत्त्व नाळेतल्या रक्तापर्यंत पोचायला १९७७ साल उजाडलं, डब्लिनमध्ये. आज जोखमीच्या गरोदरपणात नाळेचा डॉप्लर वापरल्याने बाळांचे मृत्यू कमी होतात याला चांगला पुरावा आहे. एनएसटीबाबत तसा पुरावा नाही, आणि तरीही ‘पट्टी काढली का’ हाच प्रश्न आधी विचारला जातो.

मुदतीचा हिशोब मी त्यांना वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला. वाढीची सोनोग्राफी आठवड्यांची गोष्ट सांगते, आणि दोन आठवड्यांच्या आत पुन्हा केली तर मोजणीतली चूकच वाढ म्हणून दिसते. डॉप्लर काही दिवसांचं सांगतो. एनएसटी तासांचं सांगते, यंत्र लावलं त्या वेळचं आणि फार तर त्या दिवसाचं. वार अचानक सुटणं ही मिनिटांची गोष्ट असते, तिची पूर्वसूचना यांतली कुठलीच तपासणी देत नाही. तिथे फक्त पोट दगडासारखं कडक होणं, रक्त दिसणं आणि तडक १०८ला फोन, एवढंच हातात.

हालचाली मोजायलाही सांगितलं. तिच्या आईने त्यासाठी दोन वाट्या घेतल्या आणि दहा काजूबिया. प्रत्येक हालचालीला एक बी इकडून तिकडे. रोज रात्री जेवणानंतर, डाव्या कुशीवर. दहा बिया सरायला तिला वीस-पंचवीस मिनिटं लागत. या मोजणीवर सगळा भार टाकू नये हेही सांगायला हवं; ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चार लाखांहून अधिक गरोदरपणांवर झालेल्या ‘अ‍ॅफर्म’ चाचणीत, २०१८ साली, हालचालींविषयीच्या जागृतीने पोटातले मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. तरी मी सांगतेच. या घरात त्या बियांमुळे रोज रात्री कुणीतरी वीसेक मिनिटं शांत बसून फक्त बाळाकडे लक्ष देत होतं, आणि काही बदललं तर सकाळची वाट पाहायची नाही हे सगळ्यांना पाठ होतं.

दाखल केल्यावरचे चार दिवस

३० आठवडे २ दिवस. ९ तारखेच्या तपासणीला आरोग्य केंद्रातल्या नर्सने बीपी १५८/१०६ पाहिलं, पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं आणि तिथूनच मला फोन केला. दुपारी ती दाखल झाली. डॉप्लरमध्ये दरी तळाला टेकली होती.

अशा वेळी दोन टोकांचे मोह होतात. एक, लगेच सिझेरियन. दुसरा, पट्टी ठीक आहे तर थांबू. ३० आठवड्यांना प्रत्येक दिवस बाळाच्या फुफ्फुसांसाठी मोलाचा असतो, आणि प्रवाह थांबलेल्या नाळेवर प्रत्येक दिवस धोक्याचाही. आम्ही ठरवलं ते असं: बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून बेटामेथासोन १२ मिलिग्रॅमची दोन इंजेक्शनं चोवीस तासांच्या अंतराने, एनएसटी दिवसातून दोनदा, डॉप्लर दर दोन-तीन दिवसांनी, आईचं रक्त एक दिवसाआड. काहीही बिघडलं नाही तरी ३४ आठवड्यांपलीकडे जायचं नाही.

तिसऱ्या रात्री सव्वादोनला वॉर्डमधून फोन आला. “मॅडम, पट्टी सपाट आहे. चाळीस मिनिटं झाली. हालचाल जाणवत नाही म्हणते. ऑपरेशन थिएटर तयार ठेवू?”

पाऊस धो धो होता, वीज गेली होती, वॉर्ड जनरेटरवर. ती डाव्या कुशीवर, कपाळावर घाम, आणि तिच्या आईच्या मुठीत त्या दहा बिया. आधी मी तिचं मनगट धरलं. यंत्र कधी कधी बाळाऐवजी आईचीच नाडी पकडतं, आणि मग गेलेल्या बाळाचीही पट्टी ‘चांगली’ निघते. नाडी ७८, यंत्रावर १४२. ठोके बाळाचेच होते. रेघ मात्र खरोखरच सपाट. दोन-तीन ठोक्यांची थरथर, एकही चढ नाही. ३२ आठवड्यांच्या आत आपण दहा ठोक्यांचा, दहा सेकंदांचा चढ पुरेसा मानतो, तोही नाही. पण घसरण एकही नव्हती.

सोनोग्राफीचं यंत्र ओढून आणलं. अर्धा तास नुसतं पाहत बसलो. श्वासाची हालचाल नाही. गर्भजलाचा खोल खिसा ३.४ सेंटिमीटर, म्हणजे पुरेसं. एकविसाव्या मिनिटाला मूठ उघडली आणि मिटली. मग एक पाय. हृदयापाशी जाणाऱ्या बारीक शिरेतला, डक्टस व्हेनोससमधला प्रवाह पूर्ण पुढे जाणारा. आणि नाळेच्या धमनीत, ज्या दरीने तीन दिवसांपूर्वी तळ गाठला होता, तिथे प्रवाह परत आलेला.

निवासी डॉक्टर म्हणाली, “मॅडम, डॉप्लर तर सुधारलाय!”

या प्रकरणाचं मर्म या एका रात्रीत आहे. दुसऱ्या इंजेक्शनला जेमतेम तीस तास झाले होते. बेटामेथासोननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ मंदावतं. हालचाली कमी, श्वासाची हालचाल कमी, रेघेची थरथर कमी. चौथ्या दिवसापर्यंत ते पूर्ववत होतं. त्याच औषधाने नाळेतला थांबलेला प्रवाहही कित्येक बाळांत तात्पुरता परत येतो. म्हणजे एकाच इंजेक्शनाने पट्टी आहे त्याहून वाईट दिसते आणि डॉप्लर आहे त्याहून चांगला. पट्टीवर विश्वास ठेवला तर ३० आठवड्यांचं बाळ विनाकारण बाहेर काढलं जातं. डॉप्लरवर ठेवला तर आपण निश्चिंत होऊन देखरेख सैल करतो. दोन्ही चुका झालेल्या मी पाहिल्या आहेत.

मग धरायचं काय? ज्यावर या औषधाची सावली सहसा पडत नाही ते. घसरणी नाहीत. गर्भजल पुरेसं आहे. स्नायूंत जोर आहे, मूठ मिटते आहे. डक्टस व्हेनोस पुढे वाहतो आहे. आईचं बीपी १४६/९६, डोकं दुखत नाही, पोट मऊ.

थांबायचं ठरवलं. यंत्र तसंच लावून ठेवलं, एक जरी खोल घसरण दिसली तरी विचारायलाही न थांबता तिला ऑपरेशन थिएटरमध्ये घ्यायचं, असं लिहून सही केली. माझ्या छातीत धडधडत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. हिचं एक बाळ ‘पट्टी चांगली’ म्हणून गेलं होतं, आणि मी ‘पट्टी वाईट असली तरी’ म्हणून थांबत होते.

नवरा दारात उभा होता. त्याने पट्टी हातात घेऊन विचारलं, “ही किती वेळ चालेल?”

“पाच वाजेपर्यंत,” मी म्हटलं. “पाचला पुन्हा बघू.” ते उत्तर त्याला पटलं. मी खुर्ची तिच्या पलंगाशी ओढली आणि तिथेच बसले.

पाचला तसंच. नऊला तसंच, थरथर किंचित अधिक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिला चढ आला, बाळाने लाथ मारली तेव्हा. रात्री बिया पस्तीस मिनिटांत सरल्या. आणि त्याच्या पुढच्या दिवशीच्या डॉप्लरमध्ये दरी पुन्हा तळाला टेकलेली होती, अगदी आम्ही धरून चाललो होतो तशी.

जन्म

त्यानंतर जेमतेम आठवडा मिळाला. शेवटी निर्णय बाळाने नाही, आईने घ्यायला लावला, आणि बीपीच्या गरोदरपणात बऱ्याचदा तसंच होतं. ३१ आठवडे ६ दिवस, पहाटे डोकं फुटतंय म्हणाली, बीपी १६८/११२. प्लेटलेट दोन लाख दहा हजारांवरून एक चाळीस आणि आता ८८ हजार. यकृताचे आकडे चढलेले. त्या सकाळच्या पट्टीवर दोन उथळ घसरणीही होत्या. बाळाच्या सगळ्या तपासण्या उत्तम असत्या तरी या आकड्यांवर थांबता आलं नसतं.

निफेडिपिनने बीपी खाली आणलं. मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं. त्याने आईला झटका येण्याचा धोका निम्म्यावर येतो हे २००२च्या ‘मॅगपाय’ चाचणीपासून पक्कं आहे, आणि इतक्या लवकर जन्मणाऱ्या बाळाच्या मेंदूलाही त्याचं संरक्षण मिळतं. गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वासाची गती, लघवीचं प्रमाण दर तासाला लिहिलं जात होतं. कमरेतून भूल देऊन सिझेरियन. मुलगी, ११८० ग्रॅम. जन्मताच रडली. आवाज बारीक होता, पण खोलीतल्या प्रत्येकाने ऐकला.

वार मी स्वतः हातात घेऊन पाहिली. २३० ग्रॅम, तळहाताएवढी. बोट फिरवलं की जागोजागी घट्ट, पांढरट चकत्या लागत होत्या, रक्त न पोचून मेलेला भाग. नवऱ्याला दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “एवढ्याशावर ती जगली.”

बाळ चार दिवस सीपॅपवर, म्हणजे श्वासाला हवेच्या दाबाचा आधार देणाऱ्या यंत्रावर, होतं. दुसऱ्या दिवसापासून आईचं पिळून काढलेलं दूध, पहिल्यांदा एकेक मिलिलिटर. मग छातीवर कांगारूसारखं, आईच्या, आणि आई दमली की आजीच्या. तिसाव्या दिवसाच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली. १८५० ग्रॅमवर घरी सोडलं तेव्हा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दोन दिवसांवर होती आणि नवऱ्याच्या पिशवीतून गणपतीवरच्या माटोळीला बांधायचं सामान डोकावत होतं.

आईचं बीपी बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी पुन्हा १६४/११० झालं. बाळ बाहेर आलं की धोका संपला असं समजून बायकांना तिसऱ्या दिवशी गोळ्यांविना घरी पाठवलं जातं, आणि बीपी सगळ्यात जास्त चढतं ते तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत. तिला आम्ही दहा दिवस ठेवून घेतलं. गोळ्या सात आठवड्यांनी बंद झाल्या. बाराव्या आठवड्याला बीपी १२६/८०, लघवी स्वच्छ. दोन्ही खेपांत प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढे बीपीचा आणि हृदयाचा त्रास होण्याचा धोका अधिक असतो, म्हणून दर वर्षी बीपी, साखर आणि लघवी तपासायची हे तिच्या कार्डावर लिहिलं, आरोग्य केंद्रातल्या नर्सलाही कळवलं.

जुनी पट्टी तिने परत मागितली. त्या बाळाची तेवढी एकच खूण तिच्याकडे आहे. मी तिची छायाप्रत काढून दिली, गडद करून, कारण मूळ कागदावरची रेघ आता फार दिवस टिकणार नाही.